मेलेल्यानं बोलायचं नाही

सूड उगवायला मला तेवीस वर्षं लागली. या तेवीस वर्षांत मी दुसरं काही केलंच नाही असं नाही. नोकरी केली, मुलगा वाढवला, नवऱ्याचं दुखणं काढलं, त्यांना पोचवून आले, निवृत्त झाले. पण भाकरी थापताना, पेपर तपासताना, एसटीच्या खिडकीशी बसले असताना मनात एक माणूस कायम असायचा आणि त्याच्याशी माझं भांडण चालू असायचं. संधी आली ती एका खेळातून. साठी उलटलेल्या मास्तर-मास्तरणींनी खेळायचा खेळ.

आमची शिक्षक-प्रशिक्षणाची बॅच दरवर्षी दिवाळीनंतर एकदा जमते. एरवी कुणाच्या तरी शेतात हुरडा, गप्पा, संध्याकाळी घरी. त्या वर्षी माझ्या मैत्रिणीनं नवं खूळ काढलं. तिची लेक हैदराबादला नोकरीला आहे, तिच्या ऑफिसातल्या लोकांनी कुठंतरी हा खेळ खेळला होता. हॉटेलात एक रात्र मुक्काम करायचा, एकानं मरायचं सोंग घ्यायचं आणि बाकीच्यांनी खून कुणी केला ते शोधायचं. आमच्या बिदर जिल्ह्यातच, चिटगुप्प्याच्या अलीकडे, तुरीच्या शेतात एक नवं हॉटेल झालंय, लाल दगडाचं, पुढं मोठं अंगण. तिथं असला खेळ ठेवतात म्हणे.

मैत्रीण फोनवर म्हणाली, "त्यांच्याकडं गोष्ट हाय, पण इंग्रजीत आन् कन्नडात. आपल्या लोकास्नी मराठीतच पायजे. तू शाळेत नाटकं बसवायचीस. तूच लिही की."

मी विचारलं, "कोण कोण येणार हाय?"

तिनं अठरा नावं सांगितली. त्या खेपेला नवरा-बायकोंनाही बोलावलं होतं. नवव्या की दहाव्या क्रमांकाला तिनं त्याचं नाव घेतलं, सोबत त्याच्या बायकोचंही.

"लिहिते," मी म्हणाले.

त्याला बॅचमध्ये सगळे साहेब म्हणतात. आमच्यातला तोच एकटा पुढं परीक्षा देऊन अधिकारी झाला. मीही साहेबच म्हणायचे. तेवीस वर्षांपूर्वी मात्र तो साधा मास्तर होता. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो, वर्ग शेजारी-शेजारी. एका शुक्रवारी माझ्या मुलाला शाळेतच ताप चढला आणि झटके यायला लागले. सहा वर्षांचा होता. मी माझा वर्ग साहेबाच्या हवाली केला. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी स्कूटर काढली, मुलाला दोघांच्या मधे बसवलं आणि आम्ही बसवकल्याणला दवाखान्यात गेलो. दोन वाजले होते. वर्ग कोण सांभाळतोय आणि मी कुठं चाललेय, हे मुख्याध्यापक आणि साहेब सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं माझ्याविरुद्ध एक निनावी अर्ज गेला. त्याची एक प्रत शिक्षण खात्यात आणि दुसरी हुलसूरला माझ्या सासरी, नवऱ्याच्या नावानं. अर्ज मला अजून पाठ आहे, कारण चौकशीत एकेका वाक्याला लेखी उत्तर द्यायला लावलं होतं. "सदर बाई शुक्रवारी दोन वाजता शाळा सोडतात व मुख्याध्यापकांच्या गाडीवर बसून बसवकल्याणला जातात. त्यांचे वर्तन शिक्षिकेस शोभणारे नाही. त्यांच्या पतीस हे ठाऊक नसावे. अशा बाईकडून मुलींनी काय शिकावे याचा विचार व्हावा." खाली सही नव्हती. अक्षर गोल, सरळ, कोवळं. साहेबाचं अक्षर मला ओळखीचं होतं, उजवीकडं झुकलेलं आणि घाईचं. हे त्याचं नव्हतं, म्हणून मी काहीच सिद्ध करू शकले नाही. दवाखान्याची चिठ्ठी एकाच शुक्रवारची होती, आणि मुख्याध्यापकांची साक्ष त्यांच्यावरच आळ असल्यानं कुणी धरली नाही.

माझी बदली झाली. निंबर्ग्याच्या पलीकडं एका शाळेत, जिथून घरी यायला तीन गाड्या बदलाव्या लागायच्या. माझ्या रिकाम्या जागेवर साहेबाची बायको आली. ती लांब कुठंतरी होती, तिला जवळ आणायचं होतं, एवढ्यासाठी हे सगळं.

बदली मी सोसली असती. पण सासरी आलेलं ते पाकीट आधी माझ्या दिरानं फोडलं, ओसरीवर बसून वाचलं आणि मग माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. माझा नवरा सज्जन माणूस. त्यांनी मला "हे खरं आहे का" असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी आपणहून सांगायला गेले तर म्हणायचे, "राहू दे, कशाला तो विषय." पण दारात कुणाच्याही स्कूटरचा आवाज आला की ते उठून खिडकीशी जायचे. शेवटपर्यंत जायचे. बिदरच्या दवाखान्यात शेवटचे पंधरा दिवस मी त्यांच्या उशाशी होते. रोज वाटायचं, आज विचारतील. ते विचारायचे, औषध झालं का, मुलाचा फोन आला का. मग ते गेले. त्यांचं मत काय होतं ते मला कधीच कळलं नाही.

तर अशी मी ती खेळाची गोष्ट लिहायला बसले. पात्रं ठरवली. मरणारा माणूस एका शाळेचा संस्थाचालक. गावात मोठं नाव, पण लपून-छपून लोकांना निनावी पत्रं लिहिणारा. त्यानं बोलावलेल्या पाहुण्यांमधे सहा जण असे की प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी पत्र लिहून बुडवलेलं. चहात विष कुणी घातलं हे बाकीच्यांनी शोधायचं. सहा जणांना एकेक पत्र मोठ्यानं वाचायचं होतं. पाच पत्रं मी मनानं रचली, गमतीची. सहावं रचावं लागलं नाही.

मरणाऱ्या माणसाचं काम साहेबाला दिलं, कारण मेलेल्यानं बोलायचं नसतं. सहावं पत्र त्याच्या बायकोला दिलं. तिच्या तोंडून ते वाचलं जावं, तिनं माझी खुर्ची कशी मिळवली ते तिच्याच आवाजात त्याला ऐकू यावं, आणि तो चादरीखाली पडलेला असावा, उठता येऊ नये. हे सगळं मी शांतपणे, चहा पीत ठरवलं. मला अजिबात लाज वाटली नाही.

दुपारी चारच्या सुमारास सगळे हॉटेलात जमले. खेळ घ्यायला तिथली व्यवस्थापक मुलगी होती, कलबुर्गीकडची, पंचविशीतली. कन्नड, दखनी, मराठी सगळं एका वाक्यात बोलायची. साहेब पांढऱ्या शर्टात, केसांना काळं लावून आला होता. व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, "काय बाई, मलाच कामून मारलं? पहिल्याच अंकात गेलो की मी."

"साहेब, तुमच्यावाचून गोष्टच न्हाई," मी म्हणाले. "सगळे रात्रभर तुमच्याबद्दलच बोलणार."

ते त्याला आवडलं. मानेनंच बरं म्हणून तो आत गेला. त्याची बायको मागं उभी होती, छोट्या चणीची, जाड चष्म्याची. "अक्का, मला जमंल का ओ?" तिनं विचारलं. "मी नाटकात कधी काम केलं न्हाई."

"नुसतं वाचायचं हाय," मी म्हणाले. "मोठ्यानं वाचा म्हणजे झालं."

सहा वाजता दिवाणखान्यात चहा आला. साहेबानं दोन घोट घेतले, छातीवर हात ठेवला, कप सांडला आणि वेताच्या लांब कोचावर कोसळला. काम चांगलं केलं. सगळे पोट धरून हसले. व्यवस्थापक मुलीनं त्याच्यावर पांढरी चादर घातली, तोंडावरूनही ओढली. चादरीखालून तो काहीतरी बोलला तशी ती म्हणाली, "मुर्दे बातां नै करते, साब. हमारा रूल है." पुन्हा हशा झाला.

पत्रं वाचायला सुरुवात झाली. पहिल्यात वर्गात झोपणारे गुरुजी होते, दुसऱ्यात शाळेच्या अंगणातली शेवग्याची शेंग चोरणाऱ्या बाई. वाचणारे रंगात आले होते. औरादकडचे एक गुरुजी तर पत्र वाचून खरोखर चिडल्यासारखे मृतदेहाला दोन शिव्या देऊन आले, तेलुगूत. चादर हसून हसून हलत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. 

साहेबाची बायको सहावी. तिनं चष्मा नीट केला आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात सुरू केलं, "सदर बाई शुक्रवारी दोन वाजता शाळा सोडतात व मुख्याध्यापकांच्या गाडीवर बसून..."

इथं तिचा आवाज उतरला. पुढचं वाक्य तिनं हळू वाचलं. तिसऱ्याला ती थांबली.

"वाचा की वैनी," कुणीतरी म्हणालं.

तिनं कार्ड उलटं करून पाहिलं, मागं काही नव्हतं. "हे कुणी लिवलंय?"

"सगळं अक्कानंच लिवलंय की," माझी मैत्रीण म्हणाली.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तयार होते. ती रडेल, कार्ड टाकून निघून जाईल, किंवा तसंच रेटून वाचेल, या तिन्ही गोष्टी मी आधीच मनात पाहून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "न्हाई. हे मी लिवलंय."

खोलीतले काहीजण हसले. त्यांना वाटलं, खेळातलंच वाक्य आहे.

"लग्नाला आठ वर्षं झाली व्हती माझ्या," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कळत नव्हतं, नजर कार्डावर होती. "हे म्हणले, माझं अक्षर लपत न्हाई, तुझं इथं कुणाला ठाव न्हाई. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नावाच्या जागी रेघ मारायला लावली, नाव मागनं ह्यांनीच छापल्यासारख्या अक्षरात घातलं. म्हणलं, कोण बाई हाय ही? तर म्हणले, तुला काय करायचंय. तीन महिन्यांनी माझी त्या शाळेत बदली झाली. हजेरीच्या वहीत मागच्या पानांवर अक्काचं नाव बघितलं, तवा कळलं."

व्यवस्थापक मुलीला वाटलं, काय झकास काम करतात या बाई. तिनं टाळ्या वाजवल्या. एकटीच. "बहुत अच्छा करे मॅडम," म्हणाली. मग कुणीच टाळ्या वाजवत नाही हे पाहून तिचे हात थांबले.

साहेबानं चादर बाजूला केली आणि उठून बसला. केस विस्कटले होते. "चला, लई झाली गंमत," तो म्हणाला. "जेवायचं बघा आता."

माझ्या तोंडून शब्द इतके सरळ निघाले की माझं मलाच नवल वाटलं. "साहेब, तुम्ही मेलेले हाव. मेलेल्यानं बोलायचं न्हाई."

त्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. सतरा माणसं त्याच्याकडं बघत होती आणि एकही चेहरा त्याच्या बाजूचा नव्हता. मग तो पुन्हा आडवा झाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं चादर तोंडावर ओढून घेतली. खेळाच्या नियमासाठी नव्हे. त्याला लपायला दुसरी जागा नव्हती.

मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं. मुलाचे झटके, स्कूटर, दोन वाजता त्याच्या हवाली केलेला वर्ग. हुलसूरच्या ओसरीवर फोडलेलं पाकीट. खिडकी. आवाज चढवला नाही. आयुष्यभर वर्गात शिकवलंय, मागच्या बाकापर्यंत कसं पोचायचं ते मला येतं. मी चादरीकडं बघून बोलत होते. चादर श्वासासरशी वर-खाली होत होती, तेवढंच. मला सांगायला हवं, त्या पंधरा मिनिटांइतकी गोड पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यात फार थोडी आहेत.

मी थांबले तेव्हा औरादचे गुरुजी खाली बघत म्हणाले, "बाई, आमी बी तसंच ऐकलं व्हतं. म्हणजे, आमाला बी तसंच वाटायचं."

"तुमाला काय वाटायचं?"

"की काहीतरी असंल."

त्यांच्या शेजारच्या दोघांनी मान खाली घातली. ज्यांच्यासोबत दरवर्षी हुरडा खाल्ला, गाणी म्हटली, ते सगळे हे धरून चालले होते. हे मला ठाऊक नव्हतं. तो घाव नवा होता, आणि तो मी स्वतःच ओढवून घेतला होता.

जेवायला साहेब आला नाही. खोलीत निघून गेला. भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी असं आमच्याकडचंच जेवण होतं, पण कुणी धड जेवलं नाही. खुनी कोण, हे कुणी विचारलंही नाही. व्यवस्थापक मुलगी उत्तराचं पाकीट हातात धरून उभी होती. शेवटी तिनं ते माझ्याकडं दिलं. उत्तर म्हणून मी त्यात माझंच नाव लिहिलेलं होतं.

जेवण झाल्यावर साहेबाची बायको पिशवी घेऊन माझ्या दारात आली. "मी त्या खोलीत जात न्हाई," म्हणाली. मी आत घेतलं, दुसरा पलंग दाखवला. ती कडेला बसली. बराच वेळ पदराचा काठ दुमडत राहिली आणि मग म्हणाली, "अक्का, मला माफ करा."

"न्हाई," मी म्हणाले. "तुला कळल्यावर वीस वर्षं गेली. एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं."

"भ्याले मी."

"मीबी भ्याले व्हते. रोज तीन गाड्या बदलून भीतच शाळेत जायची. तुला पलंग दिला मी. माफी न्हाई देत."

ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मला तिची कीव आली का? थोडी आली. पण जी बाई नवऱ्याच्या सांगण्यावरून रेघ मारते आणि रेघेखाली कोण आहे हे कळल्यावरही त्याच शाळेत दहा वर्षं हजेरीवर सही करते, तिला एका संध्याकाळच्या खरेपणावर सगळं सोडून द्यावं असं मला वाटलं नाही. अजून वाटत नाही. एवढं मात्र कबूल करते, की ती बोलली नसती तर माझा सूड हॉलभर उडालेला एक संशय ठरला असता. पुरावा तिनं दिला, मी मागितला नव्हता.

सकाळी अंगणात नाश्ता मांडला होता, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरच्यांची भजी. साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि रिकाम्या टेबलाशी बसला. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काल खेळ लईच रंगला बरं का."

 मी व्यवस्थापक मुलीकडून कोरा कागद आणि पेन घेतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"काय हे?"

"लिहा."

"बाई, आता कशाला?" त्याचा आवाज समजुतीचा झाला, अधिकारी लोकांचा होतो तसा. "इतकी वर्षं झाली. तुमचे मालक बी गेले. आता कुणाला दाखवणार?"

त्यानं माझ्या नवऱ्याच्या मरणाचा आधार घेतला. समोरचा गरम चहा त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावा असं खरंच मनात आलं. मी कप लांब सरकवला. "ज्यांना दाखवायचं व्हतं ते गेले, म्हणूनच लिहा."

"मी काय बी लिहिणार न्हाई."

तेव्हा त्याची बायको आपल्या टेबलावरून उठून आली. हातात खाल्लेली बशी तशीच होती. "तुमी लिहा," ती त्याला म्हणाली, "न्हाईतर मी लिहिते. माझं अक्षर आता सगळ्यास्नी ठाव झालंय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात जी जरब होती, ती तिला रोजची असणार. पण ती हलली नाही. आसपासच्या टेबलांवरचं खाणं थांबलं होतं. त्यानं पेन उचललं.

मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. "सदर बाईंविरुद्धचा अर्ज मी रचला. त्यातला मजकूर खोटा होता. त्या दिवशी त्यांचा मुलगा आजारी होता व त्यांचा वर्ग मी स्वतः सांभाळत होतो. माझ्या पत्नीची बदली व्हावी म्हणून मी हे केले." तो मधे थांबला की मी वाक्य पुन्हा सांगायची, शुद्धलेखन घालताना सांगतात तसं, तुकडे पाडून. शेवटी त्यानं पेन ठेवलं.

"नाव," मी म्हणाले. "पूर्ण लिहा. वडिलांच्या नावासकट."

त्यानं लिहिलं. कागदात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. माझा हात शिवशिवला, पण मी त्या तशाच राहू दिल्या. औरादच्या गुरुजींनी आणि मैत्रिणीनं साक्षीदार म्हणून खाली सह्या केल्या. मग साहेब उठला, बॅग घेतली आणि बायकोला न विचारता गाडी काढून निघून गेला. ती आमच्यासोबत जीपनं हुमनाबादला आली आणि तिथून कलबुर्गीच्या गाडीत बसली, लेकीकडं जाते म्हणाली.

घरी आल्यावर मी मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, गाडीवर मधे मी बसलो होतो ना. सरांचा मफलर माझ्या तोंडाला लागत होता, खोबरेल तेलाचा वास येत होता. मला सगळं आठवतंय."

"मग बाबांना कधी बोललास कामून न्हाई?"

"मला वाटलं त्यांना ठाऊकच आहे," तो म्हणाला. "बाबा खिडकीशी का जातात, ते मला मोठं झाल्यावर कळलं. तोवर तुम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हता. मी काय बोलणार होतो?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात बसून राहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा नवऱ्यावर चिडले. आजवर सगळा राग साहेबाच्या वाट्याला गेला होता, ह्यांच्या वाट्याला काहीच ठेवला नव्हता. एक प्रश्न विचारायचा होता त्यांनी. नाहीतर पोराला तरी विचारायचं.

चार दिवसांनी मी हुलसूरला गेले. दीर ओसरीवर बसले होते, आता सत्तरीला टेकलेले, ऐकायला कमी येतं. सुना आत भाजी निवडत होत्या. मी सुनांना बाहेर बोलावलं, शेजारच्या दोन बायकांनाही बोलावलं आणि कागद मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला, दिरांना पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही म्हणून.

"वैनी," दीर म्हणाले, "जाऊ द्या आता. दादा ऱ्हायला न्हाई. कुणी काढत बी न्हाई तो विषय."

"भाऊजी, पाकिटावर नाव ह्यांचं व्हतं," मी म्हणाले. "तुमी कामून फोडलं?"

 मोठ्या सुनेनं पाणी आणलं, मी घेतलं नाही. "मी इथंच बसते," मी सांगितलं. "माझ्यावरचा आळ खोटा व्हता, एवढं तुमी या पोरींसमोर म्हणा. मग पाणी घेते, जेवतेबी."

अर्धा तास गेला असेल. शेजारणी पदराआड कुजबुजत होत्या. दिरांनी तंबाखूची डबी उघडली, मिटली. माझ्या मनात आलं, आपण म्हाताऱ्या माणसाला छळतोय. आलं आणि गेलं. मी हलले नाही. शेवटी ते खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वैनीवरचा आळ खोटा व्हता. पाकीट मी फोडायला नको व्हतं." मग सुनेकडं वळून म्हणाले, "पान वाढ वैनीला."

मी जेवले. पोटभर जेवले. ज्वारीची गरम भाकरी आणि वरणात कालवलेला भात.

लोक विचारतात, आता तरी मन शांत झालं का. माझी मैत्रीण तर सारखी विचारते, तिला वाटतं तिच्या खेळानं घोळ झाला. मी तिला सांगते, शांत-बिंत काही झालं नाही, पण झोप लागते. साहेब बॅचच्या फोनवरच्या ग्रुपमधून निघून गेला. त्याची बायको चार महिने लेकीकडं राहिली आणि मग परत गेली असं ऐकलं. जाण्यापूर्वी तिनं मला फोन केला होता.  तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या मोतीबिंदूची. पुन्हा फोन कर, असं मी म्हणाले नाही आणि करू नको असंही म्हणाले नाही.

यंदाचा मेळावा निंबर्ग्याजवळ एका बॅचमित्राच्या शेतात आहे, दिवसाचाच. औरादच्या गुरुजींचा फोन आला, येणार ना बाई, म्हणून. आवाजात अजून ओशाळेपणा होता. "येते," मी म्हणाले, "पण मला घ्यायला गाडी पाठवा. त्या रस्त्याला मी लई वर्षं तीन-तीन गाड्या बदलल्यात." ते म्हणाले, मी स्वतःच येतो. सकाळी सातला येणार आहेत.